आधी झाड, मग छत्री: इंग्लंडच्या पानगळीत अळंबी पाहायला निघताना

इंग्लंडात नव्याने आलेल्या मराठी माणसाला ऑक्टोबरमध्ये रानात अळंबी दिसली की पहिला प्रश्न तोच पडतो: ही खातात का? मलाही पडला होता. कोकणात वारुळावर उगवलेली अळंबी पावसाळ्यात टोपलीतून घरी यायची. आजीला वारुळं पाठ होती आणि कुठल्या वारुळावर कधी उगवेल तेही. इथे आल्यावर पहिल्या पानगळीत बीच नावाच्या झाडांच्या रानात जमिनीतून वर आलेल्या पांढऱ्या, गुबगुबीत छत्र्या पाहिल्या आणि मी त्यातल्या दोन उपटून पिशवीत टाकल्या. त्या दिवशी आमच्यासोबत बुरशी अभ्यासणाऱ्या स्थानिक गटातल्या एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी पिशवीतली एक छत्री काढून देठाचा बुंधा दाखवला. बुंध्याभोवती फाटक्या मोज्यासारखी पांढरी पिशवी होती. मग शांतपणे म्हणाल्या, “ही डेथ कॅप आहे.” हा लेख त्या दिवसापासून सुरू होतो.

खाणं आधी बाजूला ठेवा

पहिल्या दोन-तीन मोसमांत तरी रानातली एकही अळंबी तोंडात घालायची नाही, असं घरात सगळ्यांनी मिळून ठरवा. मी हे भीती घालायला सांगत नाही. आपली जी ओळख आहे ती आपल्या मातीची आहे. वारुळावरची अळंबी (विदर्भातल्या सात्या त्याच कुळातल्या) वाळवीच्या शेतीतून येते. वाळवी वारुळात बुरशी जोपासते आणि पावसात त्या बुरशीच्या छत्र्या वर येतात. युरोपात बुरशीची शेती करणारी वाळवीच नाही. त्यामुळे आजीची अळंबी इथे उगवणं शक्यच नाही, ती कितीही तशीच दिसली तरी.

आणि उलट बाजूने पाहा. भाताच्या पेंढ्यावर वाढवतात त्या अळंबीच्या बुंध्यालाही पिशवी असते आणि कोवळेपणी ती अंड्यासारखी दिसते. डेथ कॅपही कोवळेपणी हुबेहूब तशीच दिसते. कॅलिफोर्नियात आणि ऑस्ट्रेलियात कॅनबेरात आशियातून गेलेल्या लोकांनी याच चुकीने जीव गमावले आहेत. डेथ कॅपचं विष शिजवून जात नाही. खाल्ल्यावर सहा ते चोवीस तास काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब होतात, नंतर एखादा दिवस बरं वाटतं आणि तोवर यकृत निकामी होत आलेलं असतं. अर्धी छत्रीही मोठ्या माणसाचा जीव घ्यायला पुरते. कुणी चुकून खाल्लीच, तर लक्षणांची वाट न पाहता ९९९ ला फोन करा आणि उरलेला तुकडा जपून ठेवा.

हात लावल्याने मात्र काही होत नाही. मुलांनी डेथ कॅपला हात लावला म्हणून घाबरू नका, फक्त डबा उघडण्याआधी हात धुवा. पाहणं, वास घेणं, हाताळणं सगळं मोकळं आहे. खाण्याचा विचार मनातून गेला की डोळे वेगळंच पाहू लागतात.

कधी निघायचं

सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. ऑक्टोबरचा मधला पंधरवडा बहुतेक वर्षी भरात असतो. पण तारखेपेक्षा पावसावर नजर ठेवा: चांगला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले आणि हवा अजून उबदार आहे, असा शनिवार सोडू नका. सप्टेंबर कोरडा गेला तर मोसम उशिरा लागतो. पहिलं कडक हिव पडलं की नाजूक छत्र्या एका रात्रीत काळ्या, लिबलिबीत होतात.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात. त्यानंतर दक्षिण इंग्लंडातही साडेचारच्या सुमारास अंधारतं आणि झाडीत त्याआधीच. सकाळी दहाला रानात पोचलेलं बरं.

कुठे जायचं

जुनं रान शोधा. इंग्लंडात सन १६०० पासून सलग रान राहिलेल्या जागेला ‘एन्शंट वुडलँड’ म्हणतात आणि तिथली माती नांगराखाली न गेल्याने बुरशी भरपूर असते. लंडनकरांसाठी एपिंग फॉरेस्ट सोपं: सेंट्रल लाइनने लाउटन किंवा थेडन बॉइस, तिथून चालत. स्लाऊच्या बाजूला राहणाऱ्या आपल्या मंडळींना बर्नहॅम बीचेस अगदी जवळ. दक्षिणेला न्यू फॉरेस्ट, ब्रॉकनहर्स्ट स्टेशनवर उतरा.

एपिंग आणि बर्नहॅममधले जुने बीच पाहून मला राबासाठी (भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजायला) कवळं तोडलेले आमच्याकडचे ऐन आठवतात. इथेही शेकडो वर्षं लोकांनी सरपणासाठी डोक्याच्या उंचीवर फांद्या छाटल्या. त्यामुळे झाडं बुटकी, जाडजूड आणि पोकळ झाली आणि खूप जगली. अशा पोकळ म्हाताऱ्या खोडांतच बुरशीचं वैभव असतं.

नियम नीट समजून घ्या. १९६८ च्या चोरीविषयक कायद्यानुसार स्वतःपुरती रानटी अळंबी तोडणं ही चोरी ठरत नाही, विक्रीसाठी तोडली तर ठरते. पण त्याच्यावर स्थानिक नियम असतात. एपिंग आणि बर्नहॅममध्ये तोडायला बंदी आहे, न्यू फॉरेस्टच्या सरकारी रानातही तोडू नका असंच सांगतात. शिवाय बुरशीच्या चार जाती कायद्याने संरक्षित आहेत. दुकानात ‘लायन्स मेन’ म्हणून मिळते ती अळंबी त्यांपैकी एक. दुकानातली लागवडीची असते. रानात जुन्या बीचवर पांढऱ्या दाढीसारखी लोंबणारी दिसली तर ते मोठं भाग्य समजा. बघा आणि तिथेच राहू द्या.

ज्यांना चिखलात चालणं जमत नाही, त्या आईबाबांना जुन्या चर्चच्या आवारात न्या. जिथे कधी खत पडलं नाही अशा जुन्या हिरवळीवर ‘वॅक्सकॅप’ उगवतात: लाल, केशरी, पिवळ्या, पोपटी, मेणाने घडवल्यासारख्या. आवारात बाक असतो, शांतता असते आणि वाट सपाट असते.

सोबत काय घ्यायचं

पाणी न शिरणारे बूट. दहा पट मोठं दाखवणारं हातभिंग. डेंटिस्ट वापरतात तसा दांडीचा छोटा आरसा, का ते पुढे सांगतो. वही, पेन्सिल, कारण ओल्या हवेत शाईचं पेन चालत नाही. थर्मासमध्ये चहा. न्यू फॉरेस्टमध्ये हरणं खूप आणि हरणांबरोबर गोचिड्या, ज्यांच्यातून लाइम रोग होऊ शकतो. तिथे पँट मोज्यात खोचा आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत नीट तपासा.

आधी झाड ओळखा

बहुतेक नवखे लोक जमिनीकडे पाहत भराभर चालतात आणि दोन तासांत पाच किलोमीटर चालून दहा छत्र्या पाहून परततात. एका झाडाखाली थांबा. वर पाहा, झाडाचं नाव ठरवा, मग खाली पाहा.

याचं कारण जमिनीखाली आहे. छत्री हे फक्त फळ. खरी बुरशी म्हणजे मातीत किंवा लाकडात पसरलेलं बारीक तंतूंचं जाळं. इथल्या ओक, बीच, बर्च, पाइन या झाडांच्या मुळांना अशा तंतूंचं आवरण असतं. बुरशी झाडाला पाणी आणि क्षार पुरवते, झाड बुरशीला साखर देतं. कुठली बुरशी कुठल्या झाडाशी संसार करते हे बऱ्यापैकी ठरलेलं असतं. आपल्या सह्याद्रीतल्या बहुतेक झाडांची मुळंही बुरशीशी भागीदारी करतात, पण ती बुरशी वेगळ्या जातकुळीची असते आणि तिला छत्र्या येत नाहीत. म्हणून इथे झाडाच्या पायाशी जितक्या नाना तऱ्हेच्या छत्र्या दिसतात तितक्या आपल्याकडे दिसत नाहीत. इथे झाड कळलं की अर्धी ओळख झाली.

बर्चपासून सुरुवात करा, ओळखायला सर्वांत सोपा. पांढरी, कागदासारखी सोलणारी साल. आपल्या पोथ्या ज्याच्या सालीवर लिहिल्या त्या हिमालयातल्या भूर्जाचाच हा भाऊबंद. ‘भूर्ज’ आणि ‘बर्च’ हे शब्दही एकाच मुळातून आलेले आहेत, हे कळल्यापासून मला हे झाड परकं वाटत नाही. त्याच्या पायाशी लाल छत्रीवर पांढरे ठिपके असलेली ‘फ्लाय अ‍ॅगॅरिक’ शोधा. मुलांच्या पुस्तकांतल्या चित्रात असते ती हीच आणि ती विषारी आहे. ते ठिपके म्हणजे रंग नव्हे, कोवळेपणी तिला झाकणाऱ्या आवरणाचे तुकडे आहेत. जोराच्या पावसात धुऊन जातात, तेव्हा नुसती लाल छत्री दिसली तरी फसू नका. जवळच मेलेल्या किंवा मरू घातलेल्या बर्चच्या खोडावर फिकट तपकिरी, गोलसर, उशीसारखी फळी फुगलेली दिसेल. ती ‘बर्च पॉलिपोर’. १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या माणसाचं शव सापडलं, त्याच्याजवळ या फळीचे दोन तुकडे कातड्याच्या पट्टीत ओवलेले होते. खोडावरच्या त्या फळीखाली बोट फिरवून पाहा. पांढरा, मऊ पृष्ठभाग लागतो. त्याच्यावर लोक वस्तऱ्याला धार लावत.

बीचचं खोड राखाडी आणि गुळगुळीत, हत्तीच्या पायासारखं. खाली तांबूस पाचोळ्याचा जाड थर. त्यात गुडघे टेकून पाहा, कारण उभ्याने ‘अ‍ॅमेथिस्ट डिसीव्हर’ दिसत नाही. देठापासून छत्रीपर्यंत सगळी जांभळी, पिकल्या जांभळाच्या रसात बुडवून काढल्यासारखी. उन्हात वाळली की फिकट होऊन ओळखेनाशी होते, म्हणूनच इंग्रजांनी तिला फसवणारी म्हटलं. ओल्या सकाळी ती पाहायला मिळावी म्हणून मी दर वर्षी एक सुट्टी राखून ठेवतो.

त्याच बीचच्या पडलेल्या किंवा उंच सुकलेल्या फांदीवर ‘पोर्सिलेन फंगस’ दिसेल: दुधी, अर्धपारदर्शक, वरून चिकट शेंबड्या थराने माखलेली. उजेडाच्या दिशेने खालून पाहा. चिनी मातीच्या पातळ कपातून उजेड यावा तशी उजळते. या बुरशीजवळ दुसरी बुरशी फिरकत नाही, कारण ती इतर बुरशींना मारणारं रसायन सोडते. अशाच बुरशींतून सापडलेल्या या रसायनांवरून माणसाने बुरशीनाशकांचा एक मोठा गट बनवला. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत भुरी-डाऊनी या रोगांसाठी अझॉक्सिस्ट्रोबिन फवारतात, ते याच गटातलं. बागायतदार घरातला कुणी इथे शिकायला आला असेल, तर त्याला बीचची ही फांदी नक्की दाखवा.

ओकखाली जपून. डेथ कॅप ओक आणि बीच दोन्हींशी नातं ठेवते. छत्रीवर हिरवट-पिवळसर झाक, खाली पांढऱ्या गिल्स (छत्रीच्या खालच्या बाजूच्या पातळ पात्या), देठावर पातळ झालर आणि बुंध्याला पिशवी. कधी ती जवळजवळ पांढरीच असते. म्हणून रंगावर जाऊ नका, पिशवी शोधा. जुन्या ओकच्या खोडातून कधीकधी कलेजीसारखा लालसर तुकडा बाहेर आलेला दिसतो, कापला तर आतून लाल रस येतो. तो ‘बीफस्टेक फंगस’. त्याने पोखरलेल्या ओकच्या लाकडाला गडद तपकिरी रंग चढतो आणि सुतार ते लाकूड मुद्दाम शोधतात.

अ‍ॅश या झाडाच्या मेलेल्या फांद्यांवर जळक्या लाडवासारखे काळे गोळे असतात. इंग्रज त्यांना ‘किंग आल्फ्रेडचे केक’ म्हणतात, कारण चुलीवरच्या पोळ्या करपू दिलेल्या राजाची गोष्ट त्यांना लहानपणापासून ठाऊक असते. गोळा फोडला की आत एकात एक वर्तुळं दिसतात. वाळलेला गोळा निखारा तासन्‌तास धरून ठेवतो. दुःखाची गोष्ट म्हणजे अ‍ॅशची झाडं सध्या दुसऱ्याच एका बुरशीने मरत आहेत. ती इथे २०१२ मध्ये प्रथम आढळली. त्यामुळे मेलेल्या फांद्या सध्या भरपूर दिसतात.

कुजक्या बुंध्यांवर रंगीत पट्ट्यांचे पंखे (‘टर्की टेल’) आणि नुकत्याच विझवलेल्या वातीसारखे काळे, पांढऱ्या टोकाचे काटे (‘कँडलस्नफ’) वर्षभर मिळतील. नवख्याची पहिली दोन नावं हीच असावीत.

नाकाने पाहा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि मराठी माणसाने तर मुळीच गाळू नये. आपलं नाक मसाल्याच्या डब्यावर वाढलेलं असतं.

बर्चखाली करड्या-गुलाबट रंगाची एक बारीक छत्री येते, ‘कोकोनट मिल्ककॅप’. वाकून वास घ्या. सुक्या खोबऱ्याची वाटी हुंगल्यासारखा वास येतो. तिच्याच कुळातली विटकरी रंगाची ‘करी मिल्ककॅप’ वाळत आली की मेथीसारखा, मसाल्यासारखा वास देते. या कुळाची खूण म्हणजे गिल्सना नखाने ओरखडा दिला की दुधासारखा चीक येतो. पाचोळ्यात निळसर-हिरवी छत्री दिसली तर तिला बडीशेपेचा वास येतो का पाहा. आमच्या वहीत वासांसाठी वेगळा रकाना आहे आणि त्यात शब्द आपले आहेत: ओलं पीठ, शिळी काकडी, मुळा. पुस्तकातल्या वर्णनापेक्षा स्वतःच्या शब्दात लिहिलेला वास पुढच्या वर्षी पटकन आठवतो.

एक वास मात्र लांबूनच येतो. काहीतरी मेलंय असं वाटेल. वाटेपासून थोडं आत वळून शोधा. पांढरा, उभा दांडा आणि टोकाला हिरवट-काळा चिकट गोळा, त्यावर माश्या. हा ‘स्टिंकहॉर्न’. इतर छत्र्या बीजाणू (बुरशीची धुळीसारखी बारीक बीजं) वाऱ्यावर सोडतात, याने ते काम माश्यांवर सोपवलं आहे. दोन दिवसांत माश्या गोळा साफ करतात आणि मग वास उरत नाही.

न उपटता तपासायचं कसं

आता आरसा काढा. छत्रीखाली धरून पाहा: गिल्स आहेत, की स्पंजासारखी भोकं, की काटे? गिल्सचा रंग कोणता, देठाला चिकटलेल्या की सुट्या? देठावर झालर आहे का? मग बुंध्याभोवतीचा पाचोळा बोटाने हळूच बाजूला करून पिशवी आहे का ते बघा आणि पाचोळा पुन्हा लावून ठेवा. फोटो चार: वरून, खालून, बुंध्याचा आणि वरच्या झाडाच्या पानाचा. चौथा फोटो लोक विसरतात आणि मग नाव ठरवताना अडतात.

फोनवरचं अ‍ॅप नाव सुचवतं, ते अंदाज म्हणून लिहून ठेवा. नाव नक्की नसेल तर ‘बीचखालची, पांढऱ्या गिल्सची, मुळ्याच्या वासाची’ एवढं लिहिलेलंही चालतं.

घरी एक प्रयोग करता येतो, पण रानातून न आणता आपल्याच परसातल्या हिरवळीवरच्या छत्रीवर. देठ काढून छत्री गिल्स खाली करून अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर ठेवा, वर वाटी उपडी घाला. सकाळी कागदावर बीजाणूंची नक्षी उमटलेली असते: पांढरी, गुलाबी, तपकिरी किंवा काळी. ओळख पटवताना हा रंग फार मोलाचा ठरतो. आमची मुलगी रांगोळी म्हणून ते कागद जपून ठेवते.

मुलांबरोबर

मुलांना गोल, पांढऱ्या-तपकिरी पफबॉलवर पावसाचा थेंब पडताना दाखवा. पिकलेल्या गोळ्यातून बीजाणूंचा धूर फुस्सकन उडतो. थेंब नसेल तर झाडाच्या काडीने हलकेच टिचकी मारू द्या. लाथ मात्र मारू देऊ नका, कुठल्याच छत्रीला. मागून येणाऱ्या दुसऱ्या मुलालाही ती पाहायची असते आणि गोगलगाईंचं, किड्यांचं ते अन्न असतं.

जाणत्या माणसाबरोबर जा

पुस्तकांनी जे दोन वर्षांत होत नाही ते जाणत्या माणसाबरोबरच्या एका दुपारी होतं. हेरफर्डच्या वुलहोप क्लबाने १८६८ मध्ये अळंबी पाहायला सामूहिक फेरी काढली, तेव्हापासून या देशात ‘फंगस फोरे’ची प्रथा आहे. ब्रिटिश मायकॉलॉजिकल सोसायटी ही बुरशी अभ्यासणाऱ्यांची संस्था १८९६ ची. तिच्याशी जोडलेले स्थानिक गट बऱ्याच भागांत आहेत आणि ऑक्टोबरमध्ये ‘यूके फंगस डे’ला ठिकठिकाणी फेऱ्या निघतात. गटाला आधी कळवा, आपण अगदी नवे आहोत हे स्पष्ट सांगा. माझा अनुभव असा की ही मंडळी प्रश्नांना कंटाळत नाहीत. त्या वयस्कर बाईंनी मला डेथ कॅप दाखवल्यावर पुढचे तीन तास माझ्याबरोबर एकाच ओकभोवती घालवले.

एक ओंडका निवडा

घराजवळच्या रानात पडलेलं एक जाड खोड ठरवा आणि तिथे दर पंधरा दिवसांनी जा. त्याच जागेचा फोटो काढा. ऑक्टोबरमध्ये छत्र्यांचा झुपका येईल, नोव्हेंबरमध्ये तो गळून काळा पडेल, मागे टर्की टेलचे पंखे आणि कँडलस्नफचे काटे उरतील. जानेवारीत, रान पूर्ण उघडं झाल्यावर, शेवाळाने झाकलेल्या बारीक फांद्या हळूच बाजूला करून बघा. तिथे रुपयाएवढी, कुंकवाच्या करंड्यासारखी लालभडक वाटी उमललेली सापडू शकते. तिला ‘स्कार्लेट एल्फ कप’ म्हणतात.